दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या

११ फेब्रुवारी

निवृत्त झाल्यावर पुन्हा रोजच्या नोंदी लिहायच्या नाहीत, असं ठरवलं होतं. सगळी नोकरी वेधशाळेत गेली. किती पाऊस, कुठून वारा, ढग कुठल्या जातीचे, हे लिहून लिहून बोटं वाकडी झाली. पण आज लेकीने फोनवरून मला कामाला लावलं आणि हात शिवशिवायला लागले.

झालं असं, की फ्लूच्या साथीमुळे बाजार बंद, वाचनालय बंद आणि मी घरात. ही कामावरून आली की मी प्रश्न विचारून तिला भंडावून सोडतो, अशी तक्रार लेकीपर्यंत पोचली. ही म्हणजे बायको. सरकारी रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. सगळं शहर जिला सिस्टर म्हणतं तिच्याशी मी लग्न केलं, हा माझा जुना विनोद. त्यावर ती आता पापणीही हलवत नाही.

लेक म्हणाली, "बाबा, आईला छळू नका. तुम्हाला मोजायला आवडतं ना? मग इथे मोजा." आणि तिने मला एका गटात घातलं.

गट इंटरनेटवरचा आहे. फ्लूने कुठे किती माणसं गेली हे स्वयंसेवक मिळून शोधतात आणि एका तक्त्यात भरतात, कारण आरोग्य खात्याच्या रोजच्या पत्रकावर कुणाचाच विश्वास नाही. खरं नाव कुणी सांगत नाही. तक्ता सांभाळणारी मास्तरीण दुसऱ्या कुठल्याशा शहरात गणित शिकवते. 'टाचणी' नावाचा एक आहे, औषधाच्या दुकानात असतो म्हणे. दुसऱ्याची चूक सापडली की त्याला जेवण गोड लागत असावं. मी नाव घेतलं 'वातकुक्कुट', वेधशाळेच्या छपरावर वाऱ्याबरोबर फिरणारा तो पत्र्याचा कोंबडा. तासाभरात सगळे मला कोंबडेकाका म्हणायला लागले.

मास्तरणीचा नियम एकच, दोन डोळे. एकाच ठिकाणी दिसलेला मृत्यू तक्त्यात जात नाही. घरच्यांनी कुठे लिहिलं आणि वर्तमानपत्रातही आलं, तर एक माणूस धरायचा. मला हे फार पटलं. पर्जन्यमापकही आम्ही दोन ठेवायचो.

हिला सांगितलं. बूट काढता काढता म्हणाली, "मोजून काय होणार?"

"कळेल तरी."

"मग मोजा," म्हणाली आणि न जेवता झोपली.

१४ फेब्रुवारी

निधनाच्या बातम्या इतक्या मजेदार असतात हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं. मजेदार हा शब्द वाईट आहे, पण खोडत नाही. सगळी मेलेली माणसं मनमिळाऊ असतात. चिडका माणूस एकही मेलेला नाही. आणि कशाने गेले ते कुणी लिहीत नाही. 'अल्पशा आजाराने' हे दोन शब्द आले की मी कान टवकारतो. साथ सुरू होण्याआधीचे अंक काढून पाहिले, तर तेव्हा 'दीर्घ आजाराने' जास्त आणि 'वृद्धापकाळाने' त्याहून जास्त. आता वृद्धापकाळाने कुणी मरायलाच तयार नाही. वारा डोळ्यांना दिसत नाही, पण विमानतळावरची कापडी पिशवी फुगली की कळतो. तसंच हे.

माझी पहिली नोंद आज मास्तरणीने मान्य केली. एक निवृत्त पोस्टमन. बातमीत अल्पसा आजार आणि पुतण्याने फ्लू म्हणून लिहिलेलं. 'छान काम, काका,' असं तिने लिहिलं आणि मी खुर्चीत चक्क गोल फिरलो. मग लक्षात आलं की आपण एका पोस्टमनच्या मरणावर गोल फिरलो. थोडा वेळ तक्ता बंद करून ठेवला. जेवणानंतर पुन्हा उघडला.

१६ फेब्रुवारी

पत्रकात आपल्या सरकारी रुग्णालयाचे दोनच मृत्यू, आणि अल्पशा आजारवाले माझ्याकडे ढिगाने. टाचणीने विचारलं, 'काका, तुमच्या घरातच सिस्टर आहेत ना? विचारा की.' मीच फुशारकीने सांगून बसलो होतो.

जेवताना हळूच विषय काढला. हिने चमचा खाली ठेवला.

"आम्हा सगळ्यांच्या सह्या घेतल्यात. बाहेर एक शब्द बोलायचा नाही. बोललं की घरी."

"नुसतं हो किंवा नाही सांग. दोनपेक्षा जास्त?"

"अहो, मला विचारू नका. विचारलंत तर खोटं बोलावं लागेल आणि मला ते जमत नाही. तुम्हाला माहितीय ना, ही नोकरी गेली तर मी वेडी होईन?"

ते माहीत आहे. तिच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी तिला घरी बसवलं होतं, तेव्हा आठवड्यात तिने घरातल्या सगळ्या उशांची गादीवाल्यासारखी तपासणी केली होती. मी विषय सोडला. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. उत्तर रोज आपल्या शेजारच्या खुर्चीत बसून जेवतं आणि आपल्याला कळत नाही, ही काय गंमत झाली?

१८ फेब्रुवारी

सारखे धुऊन हिचे हात सालं निघाल्यासारखे झालेत. आज मलम लावून दिलं. मलम लावताना ती डोळे मिटून बसली होती आणि आपणहून बोलायला लागली. मी काहीही विचारलेलं नव्हतं, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

"माणूस गेला की मी त्याच्या खाटेजवळची खिडकी उघडते," म्हणाली. "शिकाऊ होते तेव्हा आमच्या मोठ्या सिस्टर उघडायच्या. तेव्हापासून."

"कशासाठी?"

"कोण जाणे. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. खोलीतली हवा बदलते. बाकीच्यांना न बोलता कळतं. आणि मला मिनिटभर पाठ फिरवून उभं राहायला मिळतं."

"या थंडीत? पेशंट ओरडत नाहीत?"

"एकही ओरडत नाही. पांघरूण गळ्यापर्यंत ओढतात आणि गप्प राहतात. खोकणारेसुद्धा."

इतकी वर्षं संसार केला आणि हे मला आज कळतंय! हे कुणालाच सांगितलेलं नाही, असंही म्हणाली. मग दुसऱ्या हाताला मलम लावायच्या आत तिला झोप लागली. मी बराच वेळ खिडकीचाच विचार करत होतो. थंडीचे दिवस. वॉर्डच्या सगळ्या खिडक्या बंद. त्यातली एखादी उघडली तर रस्त्यावरून दिसेल का? सहज आपला प्रश्न.

१९ फेब्रुवारी

दिसते.

सहज फिरायला म्हणून बाहेर पडलो होतो. रुग्णालयासमोर एक लाँड्री आहे, तिच्या पायऱ्यांवर ऊन येतं. तिथे वर्तमानपत्र घेऊन बसलो. दुसऱ्या मजल्यावर उंच लाकडी खिडक्यांची रांग, सगळ्या बंद. माझ्या टोपीकडे बघत लाँड्रीवाल्याने विचारलं, "कुणाची वाट बघताय का काका?"

"नाही हो. जरा हवा खातोय."

"रुग्णालयासमोर?" म्हणाला आणि इस्त्री करायला आत गेला.

आणि मग तिसरी खिडकी उघडली. कडी वर आहे, त्यामुळे टाचा उंचावलेली बुटकी आकृती दिसली. हीच. दोन्ही फळ्या बाहेर ढकलून ती तशीच उभी राहिली. क्षणभर खाली बघितल्यासारखं वाटलं म्हणून मी झटकन वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. पुन्हा पाहिलं तेव्हा ती गेली होती, खिडकी उघडीच होती.

छातीत असं काही धडधडलं! तरुणपणी पहिल्यांदा मापकात पाऊस मोजला तेव्हा असं झालं होतं. दुपारपर्यंत बसलो. आणखी दोन उघडल्या. पत्रकात आजचा आकडा शून्य.

२१ फेब्रुवारी

गटात आज माझीच चर्चा. मी मांडलं ते असं: खिडकी हा एक डोळा. एक-दोन दिवसांनी येणारी निधनाची बातमी हा दुसरा. दोन्ही जुळले तर नोंद धरायची. मास्तरणीने आधी शंका काढल्या. हवा खेळावी म्हणून उघडली नसेल कशावरून? मी म्हटलं, या थंडीत? मग तिने मागच्या दोन दिवसांच्या बातम्या लावून बघितल्या. जुळल्या. टाचणीने त्याला 'खिडकी-पद्धत' असं नावही दिलं आणि सगळ्यांना कळावी म्हणून नीट लिहून काढायला सांगितली. मी लिहिली. चांगली उतरली आहे. हिचं नाव अर्थातच नाही. वॉर्डचा नंबरही नाही. नुसतं 'दुसरा मजला'.

हिला सांगावं का, हा प्रश्न येऊन गेला. पण तिने मला काही सांगितलेलं नाही आणि मी तिला काही विचारलेलं नाही. रस्त्यावर बसून वर बघायला बंदी थोडीच आहे? सांगेन सवडीने.

२३ फेब्रुवारी

एक नवल. ही आजकाल बरी असते. काम तेवढंच, उलट वाढलंय. पण काल बसून नीट जेवली. बोलता बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवला. आज निघताना माझा लोकरी मफलर खुर्चीच्या पाठीवर काढून ठेवला होता. "बाहेर गार आहे," एवढंच म्हणाली. मी बाहेर जातो हे हिला कसं कळलं? बुटांना लागलेल्या मातीवरून असेल. बायकांच्या नजरेतून काही सुटत नाही.

मफलर गुंडाळून पायरीवर बसलो. लाँड्रीवाल्याने आज बसायला जुनं पोतं दिलं. पहिली, पाचवी, पुन्हा पहिली. पहिल्या खिडकीशी एकाच दिवसात दोन. म्हणजे खाट रिकामी झाली आणि लगेच भरली. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आकडा चोख आहे.

२५ फेब्रुवारी

आमचं काम बातमीत आलं! एका मोठ्या बातम्यांच्या पानावर, पहिल्या रकान्यात. 'पत्रक लपवतं, खिडक्या सांगतात.' माझी पद्धत शब्दन् शब्द छापली आहे, दुसऱ्या मजल्यासकट. मास्तरीण चिडली. तिला न विचारता टाचणीने बातमीदाराला दिलं म्हणे. मला मात्र कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना. लेकीला फोन केला. ती आधी आनंदाने ओरडली. मग हळू आवाजात तिने "आईला माहितीय का?" विचारलं. म्हटलं, सांगेन.

ही नेहमीपेक्षा उशिरा आली. फोन हातातच होता. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली, मग खुर्चीवरचा मफलर उचलून कपाटात ठेवून आली. थंडी कमी झाली असं तिला वाटत असेल. जेवली नाही. दमली होती, म्हणून मीही विषय काढला नाही.

२६ फेब्रुवारी

आज एकही खिडकी उघडली नाही. एकही! सकाळपासून अंधार पडेपर्यंत पायरी सोडली नाही, डबाही तिथेच खाल्ला. आत एक सुतार खिडक्यांशी काही ठोकठाक करत होता. फटीतून वारा येत असेल, दुरुस्ती काढली असावी. बरं झालं, पेशंटना ऊब मिळेल.

तक्त्यात शून्य भरलं. पहिलं खरंखुरं शून्य. टाचणीने फुलं पाठवली आणि ते शून्य लगोलग जगभर पाठवूनही दिलं. साथीचा जोर ओसरला! मास्तरीण एकटी कुरकुरतेय. म्हणते, एका दिवसात असं होत नाही. गणितवाल्यांचं हेच. आभाळ स्वच्छ झालं तरी यांना ढगाचा पुरावा हवा.

२७ फेब्रुवारी

गंमत म्हणजे ही दुपारीच घरी आली. रजा मिळाली! किती दिवसांची ते सांगितलं नाही, पण पिशवीत तिचा वॉर्डातला कप, घरात घालायच्या चपला, सगळं परत आणलंय, म्हणजे चांगली मोठी असणार. माझा जीव भांड्यात पडला. पेशंट कमी झाले म्हणून सोडलं असेल. माझं शून्य बरोबर होतं तर.

भाजी-भात मीच केला. ती जेवली नाही, झोपलीही नाही. सगळी कपाटं रिकामी करून पुन्हा लावली. मग न्हाणीघरात गेली ती बराच वेळ पाणी वाहत होतं. गरम पाण्याने अंग मोकळं होतं.

संध्याकाळी खात्याचा माणूस टीव्हीवर सांगत होता, खिडक्या मोजणारेसुद्धा आता शून्य म्हणतायत. बाजार सोमवारपासून उघडणार. आपलं नाव न घेता का होईना, सरकारने दखल घेतली. हिला हाक मारून दाखवलं. तिने टीव्ही बंद केला.

१ मार्च

आज जे कळलं ते लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो.

ही अंघोळीला गेली होती आणि तिचा फोन वाजला. वॉर्डातली शिकाऊ सिस्टर. मी उचलला. ती घाईत आणि रडवेली. "काका, सिस्टरना विचारा ना, ऑक्सिजनच्या जादा नळ्या कुठे ठेवल्यात? त्यांना काढल्यापासून इथे काहीच सापडत नाहीये."

"काढल्यापासून म्हणजे?"

मग तिने सांगितलं. बातमी आली त्याच दिवशी चौकशी बसली. बाहेर खुणा कोण करतं? वॉर्डातल्या मावशींच्या खिशात फोन सापडला म्हणून साहेबांनी त्यांच्यावर आळ घेतला. मावशी रडायला लागल्या. तेव्हा ही उठून उभी राहिली आणि म्हणाली, खिडकी मी उघडते, आणि ते मी घरी बोलले होते. दुसऱ्या दिवशी सगळ्या खिडक्यांना खिळे ठोकले. तिसऱ्या दिवशी हिला निलंबित केलं.

"आणि पेशंट?" मी विचारलं. "कमी झालेत ना?"

"कमी?" ती म्हणाली. "काका, खाली जमिनीवर गाद्या टाकल्यात. बंद खिडक्यांनी वॉर्डात श्वास घेववत नाही."

नळ्या कुठे आहेत ते न्हाणीघराच्या दारातून विचारलं. "डाव्या कपाटाचा खालचा कप्पा, चादरींच्या मागे," हिने आतून सांगितलं. आवाज अगदी रोजचा. मी ते फोनवर सांगितलं आणि खुर्चीत बसून राहिलो.

म्हणजे माझं शून्य म्हणजे खिळे होते. समोर बसून मी सुताराला ठोकताना बघितलं आणि घरी येऊन आनंदाने शून्य लिहिलं. मापकावर झाकण पडलंय आणि मी म्हणतोय, पाऊस नाही. आणि रजा? कप आणि चपला घेऊन रजेवर कोण येतं? मला काय झालं होतं? मी मूर्ख आहे आणि त्याहून वाईट म्हणजे मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

मास्तरणीला सगळं कळवलं. लिहिलं, माझ्या सगळ्या नोंदी काढून टाक. तिचं उत्तर आलं, 'काका, तुम्ही म्हणाल तर काढते. शून्य तर आत्ताच काढते. पण बाकीच्या काढल्या तर ती माणसं मग कुठेच असणार नाहीत. आधी घरात बोला.'

२ मार्च

सकाळी चहा केला, हिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. पायरी, तक्ता, पद्धत, शून्य. ही साखर न घातलेला चहा ढवळत होती.

"माहितीय," म्हणाली. "बातमी वाचली तेव्हाच कळलं. खिडकीचं मी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं."

"मग ओरडलीस का नाहीस?"

"कुणावर ओरडू? तुम्ही टीव्हीसमोर टाळ्या वाजवत होतात."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. म्हटलं, "मी सगळं काढून टाकतो. आजच. मग त्यांच्याकडे तुझ्याविरुद्ध काही राहणार नाही."

"काढू नका."

"अगं, पण..."

"काढलंत तर पत्रकातलंच खरं ठरेल. सोमवारपासून लोक बाजारात गर्दी करतील आणि मग माझ्याकडे येतील. माझ्याकडे म्हणजे, तिकडे." मग म्हणाली, "आणि तुमचे आकडे चुकलेत."

"जास्त आहेत?"

"कमी. अहो, तुम्हाला रस्त्याकडची बाजू दिसली. मागच्या अंगणाकडेही तेवढ्याच खिडक्या आहेत. आणि साथ वाढल्यापासून वॉर्डच्या मधोमध खाटांची आणखी एक रांग लावलीय. मधल्या रांगेला खिडकीच नाही. त्यांच्यातलं कुणी गेलं की मी काय उघडायचं?"

सगळ्या नोकरीत नवीन माणसाला मी पहिला धडा हाच द्यायचो, की आपल्या यंत्राला काय दिसत नाही ते आधी शोधा. आणि त्या इमारतीला मागची बाजू असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मास्तरणीने शंका काढल्या, टाचणीने काढल्या नाहीत, पण हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नाही. सगळे खिडकीवर खूश.

"चार तारखेला मला चौकशीला बोलावलंय," ही म्हणाली. "आकडा मी सांगणार. सगळ्या रांगांचा. लेखी देणार, आणि त्याची एक प्रत तुमच्या त्या मास्तरणीलाही द्या. माझ्या नावाने."

"नोकरी जाईल."

"हो," म्हणाली. कप खाली ठेवला. "जाईल बहुतेक." आणि मग रडली. लग्नानंतर मी तिला दोनदाच रडताना पाहिलं असेल. मी उठून तिच्याजवळ गेलो, पण तिला हात लावायचा धीर झाला नाही.

४ मार्च

चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. आत कोण काय बोललं ते दारातून ऐकू येत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी दाराला कान लावला नाही.

बाहेर आली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. तिने लेखी दिलेलं साहेबांनी घेतलं, फाइलला लावलं, निर्णय नंतर कळवू म्हणाले. आम्ही जिन्यापर्यंत पोचलो असू, तेवढ्यात हिच्या वरिष्ठ, मेट्रन, मागून धावत आल्या. दोन सिस्टर फ्लूने आडव्या झाल्या होत्या. "कागदाचं कागद बघतील, उद्यापासून तुम्ही या," म्हणाल्या. "कायमचं की तात्पुरतं ते मला विचारू नका." हिने मान डोलावली आणि विचारलं, "खिळे?" मेट्रन म्हणाल्या, "ते राहणार."

तिचं निवेदन मास्तरणीने जसंच्या तसं तक्त्याच्या वर लावलं. आमच्या शहराचा आकडा तिपटीच्या जवळ गेला. टाचणीने 'काकूंना नमस्कार सांगा' एवढंच लिहिलं. संध्याकाळच्या बातम्यांत बाजाराचं उघडणं पुढे ढकलल्याचं आलं. कारण सांगितलं नाही.

घरी चालत येताना मला राहवलं नाही. विचारलं, "मी समोर बसायचो, ते तुला वरून कधी दिसलं नाही?"

"पहिल्याच दिवशी दिसलात. ती टोपी दुसऱ्या कुणाची असणार?"

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलणार? खिडकी उघडली की खाली तुम्ही. मी बघितलं की पेपर तोंडासमोर धरायचात. मला वाटलं लाजताय." ती पुढे बघून चालत होती. "मला वाटलं, माझ्यासाठी येऊन बसता."

६ मार्च

काल आणि आज तिची सकाळची पाळी. काल घरीच बसलो. आज मात्र उठून गेलो. कपाटातून मफलर मीच काढून घेतला.

लाँड्रीवाल्याने पोतं दिलं. "काका, आता काय बघणार? खिडक्या तर ठोकल्या," म्हणाला. मी म्हटलं, "बसतो जरा." वर्तमानपत्र नेलं नव्हतं. वरती सगळ्या फळ्या बंद, मोजायला काही नाही. असं नुसतं बसणं मला फार जड जातं. पाय हलवले, टोपी काढली, घातली. ऊन सरकत पलीकडच्या पायरीवर गेलं तरी बसलो होतो.

पाळी संपल्यावर ही फाटकातून बाहेर आली. रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे आली आणि तिने पिशवी माझ्या हातात दिली. मी तिला काही विचारलं नाही. आम्ही कोपऱ्यापर्यंत आलो.

"आज दोघं गेले," ती आपणहून म्हणाली. "दोन्ही मधल्या रांगेतले."

"कोण होते?" मी विचारलं.

ती थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मग सांगायला लागली. एकजण घड्याळं दुरुस्त करायचा, वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे म्हणून रोज तिच्याशी भांडायचा. दुसरी एक बाई होती, तिला आपल्या मांजराला कुणी खायला घातलं का, याचीच काळजी होती. तिचा पत्ता हिने लिहून घेतला होता. घरी न जाता आम्ही आधी तिकडे गेलो.